न ओळखण्याचा ठराव

फोटो हातात घेतला की लोक आधी डोळे बघतात. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या मावशी आधी दात बघायच्या. कुणी कौतुकाने लग्नाचा अल्बम पुढे केला तर 'नवऱ्याचे खालचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेत' इथून मावशींची सुरुवात व्हायची. हल्ली त्यांना अल्बम कुणी दाखवत नसे.

त्यामुळे एका सकाळी उजवा गाल धरून एक बाई दवाखान्यात आल्या आणि 'दाढ' एवढं बोलण्यापुरतं त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मावशींच्या हातातलं पेन थांबलं. पुढच्या दोन दातांत फट. डाव्या दाताचा कोपरा उडालेला. हे दात मावशींनी शेकडो वेळा पाहिले होते. 'काळ्या मिठाचं राज्य' या मालिकेच्या सहाही जाडजूड भागांच्या पाठीवर हेच दात खदाखदा हसत होते. फोटोतली तरुण मुलगी गेली होती, केस पांढरे झाले होते, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली होती. फट मात्र जागच्या जागी होती.

"आपण..." मावशी म्हणाल्या.

बाईंनी काउंटरवर झुकून आवाज खाली आणला. "ओळखलंत?"

मावशींनी नुसती मान हलवली.

"मग उपकार करा आणि विसरून जा. मागे एकदा अशीच दाढ काढायला गेले होते. निम्मं तोंड बधिर, लाळ गळतेय, आणि चार माणसं विचारताहेत, अजगराला पंख कुठून फुटले? मी लेकीकडे आलेय, दाढ नीट करून घेणार आणि शांतपणे सातवा भाग लिहिणार. इथे एकाने जरी मला नावाने हाक मारली ना, तर अर्धवट दाढ घेऊन उठेन. मग सातवा भागही राहिला!"

ही धमकी मावशींना नेमकी कुठे लागली हे बाईंना ठाऊक नव्हतं. सहावा भाग संपला तेव्हा पोहता न येणारा नावाडी भर नदीत होता, होडीला भोक पडलं होतं आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्याला वर्षं लोटली. मावशींच्या घरात या काळात नवरा गेला, गॅसची शेगडी बदलली, मुलगा परगावी नोकरीला लागला. नावाडी आपला अजून गुडघाभर पाण्यात. भांडी घासताना नळाचं पाणी मनगटावरून ओघळलं तरी मावशींना तो आठवायचा.

"मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही," मावशी म्हणाल्या.

आणि दवाखान्यात त्यांनी खरंच तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनाही कळू दिलं नाही. अर्थात डॉक्टरांना सांगून उपयोगही नव्हता. ते वाचायचे ते फक्त एक्सरे. घरी नणंद होती. पण घरच्या माणसाला सांगणं हे सांगणं धरायचं नसतं, असा मावशींचा हिशोब होता.

"वहिनी!" नणंदेने शिलाईमशीन थांबवलं. ती लोकांचे कपडे उसवून मापात बसवून द्यायची आणि लोकांच्या गोष्टी मापाबाहेर वाढवायची. "खरंच त्याच? हात लावलास?"

"हात कशाला लावू? त्या काय कापड आहेत?"

"मी असते तर लावला असता."

"म्हणून तर तू तिथे नाहीस. हे बघ, आपल्या दोघींत राहू दे."

"वेडी आहेस का तू? मी कुणाला सांगणार?" नणंद म्हणाली. आणि तिने फक्त वाचक मंडळाला सांगितलं. वाचक मंडळ म्हणजे घरच्यासारखंच, असा तिचा हिशोब. हिशोबाच्या बाबतीत नणंद-भावजय एका शाळेतल्या.

वाचक मंडळ कुलूपवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत भरायचं. भिंतीवर किल्ल्यांचे झुबके, मध्ये एक टेबल, आणि टेबलावर काळ्या मिठाच्या राज्याचा नकाशा. नकाशा भूमितीचे निवृत्त मास्तर सांभाळत. वर्गात पोरांनी त्यांना जितकं छळलं नसेल तितकं त्यांनी या मंडळाला छळलं होतं. कोण कुठल्या भागात कुठून कुठे गेला हे ते पट्टी धरून सांगायचे. स्वतः कुलूपवाले मऊ स्वभावाचे, बोलण्यापेक्षा उसासे जास्त टाकणारे. त्यांनी राज्यातल्या सातव्या दरवाजाची किल्ली, पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम, पितळेची घडवून खिळ्याला टांगली होती. कुलूप अस्तित्वात नसल्याने ती बसते का हे कुणालाच माहीत नव्हतं.

बातमी ऐकून कुलूपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी मात्र खडूने फळ्यावर लिहावं तसं बोट हवेत नाचवलं.

"भावनेच्या भरात काही करायचं नाही. बाईंना शांतता हवीय. शांतता मिळाली तर दाढ बरी होईल. दाढ बरी झाली तर सातवा भाग येईल. तेव्हा ठराव असा, की आपण बाईंना ओळखत नाही."

"पण बघायला तरी जायचं की नाही?" नणंद म्हणाली.

"जायचं. पेशंट म्हणून. बघायचं, पण बघतोय असं दिसता कामा नये. पुस्तकाचा विषय नाही, मिठाचा नाही, होडीचा नाही. अजगर तर अजिबात नाही."

"दातांचं काय? माझे दात चांगले आहेत."

"असतील तर असतील. दाखवायला काय जातंय?"

मंडळात मावशीही होत्याच. त्यांनी नणंदेकडे असं पाहिलं की दुसरी एखादी जमिनीत गेली असती. नणंद नकाशाकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर बुचकळ्यात पडले. एरवी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन माणसं बसलेली असायची, त्यातलं एक सोबतीला आलेलं. आता भिंतीलगतची सगळी बाकं भरलेली. बरं, बाईंची रूट कॅनालची वेळ ज्या दिवशी असेल त्याच दिवशी सगळ्यांचे दात ठणकायचे.

"मावशी, पाण्यात काही आलंय का हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हवा बदललीय," मावशी म्हणाल्या.

यातला खरा विनोद पुढेच होता. दाखवायला काय जातंय म्हणून तोंड उघडलेल्या माणसांच्या तोंडात डॉक्टरांना खरोखरच काहीबाही सापडू लागलं. कुलूपवाल्यांच्या दाढांमध्ये कीड निघाली. मास्तरांची हिरडी सुजलेली निघाली. चांगल्या दातांची नणंद तर खुर्चीतून उतरली ती 'अक्कलदाढ आडवी आहे, काढावी लागेल' हे ऐकून, आणि घरी येऊन मावशींवरच घसरली, "तुझ्या डॉक्टरला माणूस दिसला की भोक पाडायची घाई!" तरी पुढच्या खेपेला ती आलीच. भक्तीपायी लोक काय काय सोसतात, आणि इथे तर भूल फुकटात मिळत नव्हती.

ठराव मात्र सगळ्यांनी कडक पाळला. इतका कडक, की बघणाऱ्याला दया यावी. बाई आत आल्या की खोलीतली बोलणी रेडिओसारखी एकदम बंद. मास्तर छताकडे बघत. कुलूपवाले स्वतःच्या चपलांकडे बघत. नणंद भिंतीवरचं 'दात असे घासा' हे चित्र पुन्हा पुन्हा वाचायची. बाई कोपऱ्यात बसल्या की दोन्हीकडची माणसं अंग चोरून बाजूला सरकत. जागा द्यावी म्हणून सरकत. पण दिसायचं असं, की जणू बाईंना काही लागणारं झालंय.

पहिल्या खेपेला बाई सुखावल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी चष्मा काढून ठेवला, फोटोत चष्मा नव्हता म्हणून. कुणी बघेना. मग त्या उगीचच एकदा हसल्या, फट दिसेल अशा. कुलूपवाल्यांनी घाबरून डोळेच मिटले.

तिसऱ्या खेपेला बाईंनी पिशवीतून 'काळ्या मिठाचं राज्य'चा पहिला भाग काढला आणि मधल्या टेबलावर, जुन्या मासिकांच्या वर, फोटो वर येईल असा ठेवला. ठेवल्यावर स्वतः तिसरीकडेच बघत बसल्या.

खोलीत श्वास घ्यायचंही कुणाला भान राहिलं नाही. बाईंनी स्वतःच्या हाताने ठेवलेलं पुस्तक! नणंदेची बोटं शिवशिवायला लागली, तिने ती मांडीखाली दाबली. शेवटी ठराव धोक्यात आहे हे बघून मास्तर उठले, गंभीरपणे टेबलापाशी गेले आणि हातातलं वर्तमानपत्र उलगडून पुस्तकावर पसरून आले. मेलेल्या माणसावर चादर घालावी तसं.

बाईंचा चेहरा मावशींनी काउंटरवरून पाहिला. गाल सुजला होता तेव्हाही तो इतका पडलेला नव्हता.

त्या दिवशी काम झाल्यावर बाई काउंटरपाशी रेंगाळल्या. बाहेर गेलेले मंडळवाले काचेच्या दारापलीकडे घोटाळत होते. बाईंची तिकडे पाठ होती.

"तुम्ही एकट्याच वाचता वाटतं इथे," बाई म्हणाल्या.

"नाही हो, तसं काही..."

"राहू द्या. डोळे आहेत मला. मी आपली समजत होते, लोक वाट बघताहेत. कुणाला हात लावावासा वाटला नाही पुस्तकाला. त्या मास्तरासारख्या दिसणाऱ्या माणसाने तर झाकूनच टाकलं. म्हणजे नजरेसमोर नको!"

"त्यांचा तसा हेतू नसेल."

"हेतू काय असायचाय? मी लेकीला कालच म्हटलं, पुरे आता. कुणासाठी डोळे फोडायचे? बागेत चार रोपं लावीन. सातवा भाग राहिला तर राहिला, कुणाचं अडलंय?"

मावशींच्या डोळ्यांपुढे पाणी एकदम गुडघ्याच्या वर चढलं. सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे 'मी शब्द मोडला, इथली सगळी बाकं तुमच्या वाचकांनी भरली आहेत' हेही सांगायचं. मग बाई अर्धवट दाढ घेऊन उठणार. न सांगावं तरी सातवा भाग बुडणार, सांगावं तरी बुडणार. मावशी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी कॅप बसेल. तेवढं तरी पूर्ण करा."

"दाढ पूर्ण करते," बाई म्हणाल्या. "पैसे भरलेत."

संध्याकाळी मावशी कुलूपवाल्यांच्या खोलीत पोचल्या त्या पदर खोचूनच.

"तुमचा ठराव मोडा. आत्ताच्या आत्ता. बाई रुसल्यात."

"कशावर?" मास्तर म्हणाले.

"कुणी ओळखत नाही म्हणून!"

"पण त्यांनीच तर सांगितलं होतं, ओळखू नका."

"मास्तर, तुमचं लग्न झालंय ना?"

"झालंय. का?"

"मग बायकोने 'मला काही नको' म्हटल्यावर तुम्ही काहीच आणत नव्हता का?"

मास्तर विचारात पडले. आणत नसावेत.

बराच वेळ घासाघीस होऊन ठरलं ते असं: सगळ्यांनी एकदम ओळखायचं नाही, बाई घाबरतील. एकानेच, सहज, नुकतंच लक्षात आल्यासारखं ओळखायचं. मास्तर नकोत, ते परीक्षा घेतील. नणंद नको, ती हात लावेल. राहता राहिले कुलूपवाले. त्यांनी तिथेच सराव सुरू केला. "अय्या, आपण..." "अय्या म्हणू नका," नणंद म्हणाली. "अहो, माफ करा, आपण त्याच तर नव्हे?" हे सगळ्यांना पटलं. कुलूपवाले ते वाक्य घोकत घरी गेले. किल्ल्या घासतानाही घोकत होते म्हणे.

कॅप बसवायच्या दिवशी सगळे वेळेआधी हजर. पण डॉक्टरांना मंडळाचे बेत कुठे ठाऊक? त्यांनी दार उघडलं, कुलूपवाल्यांची वेळ आधीची होती, त्यांना आत घेतलं, सुई टोचली, कीड कोरली आणि बाई बाकावर टेकतात न टेकतात तोच बाहेर सोडलं. कुलूपवाल्यांचं निम्मं तोंड जागेवर नव्हतं. तरी माणूस शब्दाचा पक्का. ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले,

"अओ, आफ हरा, आफण थ्याच थल लव्हे?"

आणि त्यांच्या हनुवटीवरून लाळेचा एक धागा बाईंच्या पिशवीवर उतरला.

बाईंनी पिशवी ओढून घेतली. "मावशी, यांना बसवा कुठेतरी," त्या म्हणाल्या, आणि खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलू लागल्या. आता लपवायचं कुणापासून, असा तो आवाज होता. "मीसुद्धा एके काळी काहीबाही लिहायची बरं का! एक नावाडी होता. त्याला एक कुत्रा होता, लंगडा. तिसऱ्या भागात वाहून गेला बिचारा. मी रडले होते लिहिताना. पण कुणाला त्याचं..."

"चौथ्या," मास्तर म्हणाले.

ते छताकडेच बघत होते. शब्द त्यांच्या तोंडातून शिंकेसारखा निघाला होता.

"काय म्हणालात?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. त्यांची मान लाल झाली. पण ज्याने चाळीस पोरांपुढे चुकीचं उत्तर कधी सोडलं नव्हतं तो माणूस किती वेळ दम धरणार? "चौथ्या भागात. तिसऱ्यात तो लंगडा होतो. आणि वाहून जात नाही, जळूराणी त्याला नेते. वाहून जातं ते वल्हं."

"मी लिहिलंय ते!"

"लिहिलं तुम्ही. वाचलं आम्ही."

बांध फुटला म्हणजे काय ते त्या दिवशी दवाखान्याने पाहिलं. ठराव गेला, बाकं गेली, सगळे बाईंभोवती. मास्तरांनी खिशातून नकाशाची घडी काढली: दुसऱ्या भागात नदी पश्चिमेला वाहते, पाचव्यात पूर्वेला, हे कसं? कुणीतरी म्हणालं, अख्ख्या तिसऱ्या भागात पौर्णिमाच आहे, चंद्र सुट्टीवर जात नाही का? कुलूपवाले डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ गाळत खिशातली पितळी किल्ली बाईंच्या हातात कोंबत होते. नणंदेने दोन्ही हातांनी बाईंचा दंड धरला होता.

"जळूराणीला काही होऊ देऊ नका हं! मला सगळ्यांत तीच आवडते. कशी टेचात राहते, कुणाची भीड ठेवत नाही!"

"राणी काय?" मास्तर ओरडले. "सगळा डोलारा नावाड्यावर उभा आहे! तो मेला तर मी पुढचं पान उलटणार नाही!"

बाईंचा चेहरा आधी फुलला. मावशींनी तो नीट पाहिला; दुष्काळी जमिनीवर पाणी पडावं तसा फुलला. मग पाणी जरा जास्तच पडू लागलं. 'नदीचं मी बघते' असं त्या म्हणाल्या. 'चंद्राचं राहून गेलं' म्हणाल्या. मग काहीच म्हणेनाशा झाल्या आणि त्यांच्या भुवया एकमेकींना भेटल्या.

डॉक्टरांनी दार उघडलं. "पुढचे पेशंट?"

"मी!" बाई अशा उठल्या, की ड्रिलच्या खुर्चीकडे इतक्या आनंदाने धावलेला माणूस डॉक्टरांनी आजवर पाहिला नव्हता.

आत मदतीला मावशीच असत. दिवा लागला, बाईंचं तोंड उघडलं, मावशींनी लाळ ओढायची नळी धरली. बाई बोलू शकत नव्हत्या. नुसत्या डोळ्यांनी मावशींना भाजत होत्या. मावशींनी मनात निरोपाची भाषणं तयार केली. कॅप बसली. डॉक्टर हात धुवायला गेले.

"सगळ्यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही सांगितलंत."

"घरातच सांगितलं होतं हो. घर मोठं निघालं."

बाईंनी चूळ भरली. चूळ थुंकताना त्यांचे खांदे हलत होते. रागाने की हसण्याने, पाठमोऱ्या बाईवरून कळेना. वळल्या तेव्हा डोळ्यांत एक वेगळीच धार होती.

"मला माझंच पुस्तक शिकवतो! पश्चिम-पूर्व! लिहिते आता सातवा भाग. असा लिहिते, की त्या मास्तराने नकाशा फाडून खावा. एक मोठं कुणीतरी मारणारच आहे मी, त्याशिवाय या लोकांना चटका लागायचा नाही. एवढा गलका होता, मला कुणाचं धड ऐकू आलं नाही. तुम्ही यांना ओळखता. खरं सांगा, या सगळ्यांचा जीव सर्वांत जास्त कुणावर आहे?"

मावशींच्या हातात नळी तशीच गुरगुरत होती. त्यांनी ती बंद केली. सातवा भाग येणार होता. नावाडी भर नदीत उभा होता आणि होडीला भोक होतं. बाहेर नणंद होती, जिने हे सगळं घर एवढं मोठं केलं होतं.

"जळूराणीवर," मावशी म्हणाल्या. "अगदी जीव टाकतात. राणीला नुसतं खरचटलं तरी इथे हाहाकार होईल."

"आणि नावाडी?"

"त्याचं काय? असला तरी चालेल, नसला तरी चालेल. मला तर कधीकधी तो असतो हेच आठवत नाही."

बाई समाधानाने आरशात नवी कॅप बघू लागल्या.

मावशी बाहेर आल्या तेव्हा सगळी बाकं श्वास रोखून बसली होती. नणंदेने त्यांचा पदर धरला. "वहिनी, काय म्हणाल्या? लिहिणार?"

"लिहिणार."

कुलूपवाल्यांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तरांनी ती मारू दिली.

"आणि माझ्या राणीचं काही बोलल्या?"

"बोलल्या," मावशी म्हणाल्या. "तिच्यावर त्यांचं आता खास लक्ष आहे."

नणंद इतकी हरखली, की त्या संध्याकाळी घरी आल्याबरोबर तिने आपणहून सगळी भांडी घासायला घेतली. मावशींनी तिला अडवलं नाही.